प्रार्थनेतले न उच्चारलेले

१९०५ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स बझार' या मासिकाकडून मार्क ट्वेनचे एक हस्तलिखित साभार परत आले. लेखक लहानसहान नव्हता. अमेरिकेत त्या काळी त्याच्याइतका घरोघर वाचला जाणारा दुसरा लेखक दाखवणे कठीण गेले असते. पण संपादिकेचा नाइलाज होता. हा मजकूर स्त्रियांच्या मासिकाला तितकासा साजेसा नाही, असे तिने कळवले. हार्पर कंपनीशी ट्वेनचा करार होता, त्यामुळे तो मजकूर दुसरीकडे देण्याची सोयही नव्हती. ट्वेन १९१० साली वारला. १९१२ साली निघालेल्या त्याच्या चरित्रात या मजकुराचा काही भाग आला, आणि संपूर्ण लेख छापला जायला १९२३ साल उजाडले. त्या लेखाचे नाव 'द वॉर प्रेअर'. आपण त्याला 'युद्धप्रार्थना' म्हणू.

दिवाळी अंक हाही घरात सर्वांनी वाचायचा असतो. करंज्यांचे ताट आणि अंक एकाच वेळी हातोहात फिरतात. तेव्हा स्त्रियांच्या मासिकाला न साजणारी ही कृती इथे काढावी की काढू नये, असा विचार माझ्याही मनात आला. पण ती पुन्हा वाचताना वाटले, की संपादिकेचा निर्णय पूर्णपणे उलटा होता. ही कथा रणांगणावर घडतच नाही. ती घडते मागे राहणाऱ्यांमध्ये. मुलांना निरोप देणाऱ्या, त्यांच्यासाठी देवाकडे काही मागणाऱ्या माणसांमध्ये. लेखकाला एखादे घरगुती मासिकच हवे होते, आणि नेमके तेच त्याला मिळाले नाही.

कथा पाचसात मिनिटांत वाचून होते. देशात युद्ध पुकारले गेले आहे. रस्त्यांतून ढोल वाजताहेत, निशाणे फडकताहेत, सभांमध्ये वक्त्यांना टाळ्या पडताहेत. पाचसहा आगाऊ माणसे युद्धाविरुद्ध बोलू पाहतात, त्यांना असा दम मिळतो की जिवाच्या भीतीने ती दिसेनाशी होतात. मग रविवारची सकाळ उजाडते. पलटणी दुसऱ्या दिवशी निघायच्या आहेत. चर्च भरून गेले आहे. गणवेश घातलेले तरुण बाकांवर बसले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आताच विजयाची मिरवणूक तरळते आहे. त्यांच्याजवळ त्यांची माणसे बसली आहेत. ज्यांच्या घरात पाठवायला मुलगा नाही ते शेजारी या घरांकडे हेव्याने पाहताहेत. जुन्या करारातला लढाईचा एक अध्याय वाचला जातो, ऑर्गन घुमतो आणि पाळक डोळे मिटून लांबलचक प्रार्थना सुरू करतात: या मुलांना सांभाळ, त्यांना बळ दे, शत्रूला चिरडण्याचे सामर्थ्य दे, यश दे.

एवढ्यात मधल्या वाटेने एक म्हातारा पाऊल न वाजवता पुढे येतो. पायघोळ झगा, पांढरे केस, पांढराफटक चेहरा. पाळकांना त्याची चाहूलही नाही. प्रार्थना संपताच तो त्यांच्या हाताला स्पर्श करून त्यांना बाजूला करतो आणि त्यांच्या जागी उभा राहतो. आपण ईश्वराच्या सिंहासनाकडून आलो आहोत, असे तो सांगतो. तुमची प्रार्थना ऐकली गेली आहे आणि ती मान्यही होईल. फक्त तुम्ही काय मागितले ते सगळे आधी समजून घ्या. कारण प्रत्येक प्रार्थना दुहेरी असते. एक भाग ओठांवर येतो, दुसरा येत नाही. ईश्वराच्या कानी मात्र दोन्ही पडतात. आपल्या शेतासाठी पाऊस मागणारा माणूस नकळत शेजाऱ्याच्या शेताचे वाटोळेही मागत असतो, कारण शेजाऱ्याला त्या दिवशी पाऊस नको असतो. एवढे सांगून म्हातारा तो न बोललेला भाग मोठ्याने बोलून दाखवतो. शत्रूच्या सैनिकांच्या देहांचे काय व्हावे, त्यांची घरे कशी जळावीत, त्यांच्या विधवांनी पोरांना घेऊन कुठल्या उन्हातान्हात भटकावे, हे सारे तो प्रार्थनेच्याच धीरगंभीर सुरात मागतो. शेवटी विचारतो, अजूनही हे हवे असेल तर सांगा.

त्यानंतर फक्त एक वाक्य उरते. त्याचा आशय असा, की तो माणूस वेडा होता असे पुढे लोकांचे मत झाले, कारण त्याच्या बोलण्यात काही अर्थच नव्हता.

देशाचे नाव कथेत नाही, शत्रूचेही नाही. पण १९०५ सालच्या अमेरिकन वाचकाला ते सांगण्याची गरज नव्हती. १८९८ साली अमेरिका स्पेनशी लढली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या तहात दोन कोटी डॉलर मोजून तिने फिलिपाइन्सची बेटे आपल्याकडे घेतली. स्पेनविरुद्ध आधीच उठलेल्या तिथल्या लोकांना हा धनीबदल मान्य नव्हता. १८९९ च्या फेब्रुवारीत नवे युद्ध पेटले आणि १९०२ च्या जुलैपर्यंत अधिकृतपणे चालले. अमेरिकेचे चार हजार दोनशेहून अधिक सैनिक त्यात गेले. फिलिपिनो लढवय्ये वीस हजारांवर पडले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत मेलेल्या सामान्य रयतेचा आकडा दोन लाखांपर्यंत जात असावा, असा अंदाज आहे. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी मेथडिस्ट धर्मगुरूंच्या एका शिष्टमंडळाला सांगितले म्हणे, की आपण रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग या लोकांना उन्नत करून ख्रिस्ती करणे हे आपले कर्तव्य असल्याचे उमगले. हे त्यांचे उद्गार म्हणून १९०३ साली छापून आले. ते कितपत शब्दशः खरे, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. फिलिपाइन्समधली बहुसंख्य प्रजा तीनशे वर्षांपासून कॅथलिक होती, याची तेव्हा कुणाला आठवण झाली नसावी.

एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर या कथेतले चर्च नीट दिसत नाही. पॅसिफिक महासागर ओलांडून गेलेल्या त्या पहिल्या पलटणी बव्हंशी राज्याराज्यांतल्या स्वयंसेवकांच्या होत्या. कॅन्सस, नेब्रास्का, ओरेगन, मिनेसोटा अशा त्यांच्या नावानिशी त्या ओळखल्या जात, आणि एका तुकडीत एकाच गावातली कितीतरी मुले असत. म्हणजे रविवारी ज्या बाकावर आईबाप बसत, त्याच बाकावरून मुलगा उठून गेलेला असे. मंडळीने त्याच्यासाठी मोजे विणणे, पुडकी पाठवणे, उपासनेत त्याचे नाव घेणे, त्याचे पत्र आले की चारचौघांत वाचून दाखवणे, यांत ढोंग काही नव्हते. ते प्रेमच होते.

इथेच माझा बऱ्याच टीकाकारांशी मतभेद होतो. 'युद्धप्रार्थना' म्हणजे चर्चच्या दांभिकपणावरचा हल्ला, असे सर्रास म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. दांभिक माणसाला आपल्या मनात काय आहे ते ठाऊक असते आणि तो ते लपवतो. या मंडळीला ते ठाऊकच नाही. म्हातारा त्यांना खोटारडे म्हणत नाही. तुमचे प्रेम खोटे आहे, असेही म्हणत नाही. उलट त्यांचे प्रेम खरे आहे, हे गृहीत धरूनच तो बोलतो. प्रेम खरे असूनही मागणे इतके भयंकर असू शकते, ही त्या लेखातली खरी टोचणी आहे. ढोंग्यांवर हसून वाचक मोकळा होतो. इथे ती सोय नाही.

शिवाय म्हाताऱ्याने बाहेरून काही आणलेले नाही. त्याची प्रार्थना ऐकताना बायबल वाचणाऱ्याला स्तोत्रसंहिता आठवल्याशिवाय राहत नाही. १०९ वे स्तोत्र पाहा, किंवा १३७ वे. त्या स्तोत्राचा आरंभ बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या निर्वासितांचा आहे आणि शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल जे मागतो ते मी इथे लिहीत नाही. प्राचीन कवीने दोन्ही भाग उघडपणे बोलून टाकले. एकोणिसाव्या शतकातल्या सुसंस्कृत मंडळीने त्यांतला गोड भाग गायला ठेवला आणि दुसरा मनाच्या तळाशी ढकलला. ट्वेनचा म्हातारा त्यांना त्यांच्याच पुस्तकातले गाळलेले पान वाचून दाखवतो. आपण मराठी वाचकांनी यावर फार उंचावरून पाहू नये. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा सरावा असे मागितले, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण शत्रूच्या नाशाची सूक्ते आपल्या वेदांतही आहेत, आणि ती न उच्चारताच मनात आणणाऱ्यांची संख्या आपल्यात पसायदान पाठ असलेल्यांपेक्षा कमी नसावी.

चर्चमध्ये सज्जन माणसे बसलेली असतात आणि तरीही भलतेच काही पवित्र ठरवले जाऊ शकते, हे ट्वेन लहानपणापासून जाणत होता. मिसुरी राज्यातल्या हॅनिबल गावात तो वाढला. गुलामगिरीत काही वाईट आहे हे आपल्याला शाळकरी वयात माहीतच नव्हते, कारण ती ईश्वराला मान्य आहे असे गावच्या व्यासपीठावरूनच सांगितले जाई, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. या आठवणीचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. १८९६ च्या जानेवारीत व्याख्यानांच्या जगप्रवासात ट्वेन मुंबईस उतरला होता. हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने किरकोळ कारणावरून एका देशी नोकराच्या तोंडात मारली. नोकर निमूटपणे काम करीत राहिला. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचे गाव आठवले, गुलामावर हात उचलणारा आपला बाप आठवला, आणि हे सारे तेव्हा आपल्याला किती स्वाभाविक वाटत होते तेही आठवले. पुढच्या वर्षी निघालेल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे. त्या प्रवासाने त्याला साम्राज्याच्या बुडाशी काय असते ते दाखवले, असे म्हणायला हरकत नाही. १९०० च्या ऑक्टोबरात तो मायदेशी परतला तो साम्राज्यविरोधी म्हणून, आणि १९०१ पासून मरेपर्यंत अमेरिकन साम्राज्यविरोधी संघाचा तो एक उपाध्यक्ष होता.

एवढे बोलल्यावर या लेखातले उणेही सांगितले पाहिजे. लेखातल्या कल्पनेची उंची त्यातल्या वर्णनाला गाठता आलेली नाही. सुरुवातीचे ढोल, निशाणे, अश्रू, टाळ्या हे सगळे ट्वेन घाईने, विशेषणांच्या पाठीवर विशेषणे टाकून उरकतो. चर्चमधल्या एकाही माणसाला चेहरा नाही. एका बाकावरची एखादी आई, जिला म्हाताऱ्याचे शब्द ऐकून क्षणभर हातातले विणकाम जड वाटले, अशी बाई या कथेत असायला हवी होती. गंमत अशी, की शत्रूच्या विधवा आपल्याला दिसतात, त्यांची वणवण दिसते. इकडच्या आया मात्र गर्दीत हरवतात. त्यामुळे म्हाताऱ्याचा विजय जरा स्वस्त होतो. समोर बोलायलाच कुणी नसेल तर वाद जिंकण्यात काय मोठेपण?

याच लेखकाने हे किती चांगले करून दाखवले होते, ते पाहायचे तर 'हकलबरी फिन'चे एकतिसावे प्रकरण वाचावे. तिथेही प्रार्थनाच आहे. पळून आलेल्या गुलामाला आपण मदत करतो आहोत हे पाप आहे, असे हकला शिकवले गेले आहे. ते धुऊन काढण्यासाठी तो गुडघे टेकतो, पण शब्द येत नाहीत. ओठ एक मागत असताना मन दुसरेच धरून बसले आहे, हे त्याला कळते. शेवटी गुलामाच्या मालकिणीला लिहिलेली चिठ्ठी तो फाडून टाकतो आणि नरकात जायची तयारी करतो. प्रार्थनेचे दोन भाग असतात, हा सिद्धांत तिथे कुणी सिंहासनावरून येऊन सांगत नाही. एका अडाणी पोराच्या घशात तो अडकतो. त्या पानांनंतर 'युद्धप्रार्थना' वाचली की तिच्यातला प्रवचनकार ठळक दिसतो.

आणि चेहरे ट्वेनला शोधत जावे लागले असते असेही नाही. त्या पाळकाचा चेहरा तर त्याच्या घरीच येजा करत होता. हार्टफर्डच्या ॲसायलम हिल चर्चचे पाळक जोसेफ ट्विचेल हे त्याचे चाळीस वर्षांचे स्नेही. युरोपात त्याच्याबरोबर डोंगर तुडवणारे, त्याच्या लग्नात मंत्र म्हणणारे. यादवी युद्धात ट्विचेल न्यूयॉर्कच्या एका पलटणीचे धर्मगुरू होते. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईनंतरच्या थंडीत हे कट्टर प्रॉटेस्टंट गृहस्थ एका जेझुइट धर्मगुरूला बिलगून एकाच पांघरुणात झोपले, आणि त्या जोडीचे त्या जेझुइटालाच हसू आले, अशी आठवण सांगतात. सैनिकाला जवळून पाहिलेला असा हा भला माणूस. १९०१ च्या जानेवारीत त्याने ट्वेनला साम्राज्याविरुद्ध फार न बोलण्याचा प्रेमाचा सल्ला दिला. तुझे नुकसान होईल, एवढीच त्याची काळजी. ट्वेन पत्रातून त्याच्यावर उसळला. जो स्वतः लोकांचा मार्गदर्शक, त्याने लोकांना मते लपवायला शिकवावे? ते पत्र लिहिताना ट्वेनचा जीव तुटत होता, हे ओळीओळीत जाणवते. तो पाळक कथेत आला असता, म्हाताऱ्याने हाताला स्पर्श करताच डोळे उघडून चपापला असता आणि आपल्याला ओळखू आला असता, तर या लेखाची जात बदलली असती. मैत्रीपायी ट्वेनने ते टाळले असेल. माणूस म्हणून ते मला आवडते. वाचक म्हणून चुटपुट राहते.

तरीही या कृतीत एक जागा अशी आहे की तिच्यासाठी बाकीचे सर्व माफ करावे. म्हातारा प्रश्न विचारून थांबतो. त्याचा प्रश्न आणि शेवटचे वाक्य यांच्यामध्ये ट्वेनने काहीच लिहिलेले नाही. त्या रिकाम्या जागेत काय झाले? कुणी बाकावरून उठले का? कुणी मुलाचा हात घट्ट धरला का? ऑर्गन पुन्हा वाजला का? आपल्याला कळते ते एकदम नंतरचे मत, तेही सर्वांचे मिळून. जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजापुढे येतो, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि तो अन्यायी माणूस तूच आहेस असे सुनावतो. राजा तिथल्या तिथे पापाची कबुली देतो. राजाला ते जमले, कारण तो एकटा होता. मंडळीतला प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असणार. माणसे मते बनवतात ती विचार करून नव्हे तर आजूबाजूला पाहून, असे ट्वेनने दुसऱ्या एका निबंधात म्हटले आहे, आणि तो निबंधही १९२३ च्या त्याच संग्रहात प्रसिद्ध झाला. मधल्या काळात १९१७–१८ साली वीस लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक समुद्रापार फ्रान्सला गेले. गावोगावच्या मंडळ्यांनी तीच प्रार्थना पुन्हा केली.

आपल्या मुलीने आणि इतरांनी हा लेख छापू नको म्हटल्याचे ट्वेनने आपला चित्रकार मित्र डॅन बिअर्ड याला सांगितले होते. मुलगी जीन हिला तो धर्मनिंदेसारखा वाटेल अशी भीती वाटली. खरे बोलण्याची परवानगी फक्त मेलेल्यांना असते, असा काहीसा निष्कर्ष काढून त्याने कागद बाजूला ठेवले. त्यात खिन्नता आहे, पण थोडी सोयही आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ही कथा वाचली की मला माझ्या आजीची आठवण येते. चर्चशी तिचा काही संबंध नव्हता. सातारा जिल्ह्यातले तिचे माहेर; धाकटा भाऊ मराठा पलटणीत होता आणि १९४४ साली इटलीत लढत होता. त्याच वर्षी याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना इटलीत वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजीने गावच्या भैरोबाला नारळाचे तोरण बोलले होते आणि भाऊ परत येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला एक वात जास्त लावायची, असा नेम धरला होता. तिने विजय मागितला नाही. ती लढाई कुणाची कुणाशी चालली आहे, हेही तिला धड ठाऊक नव्हते. भाऊ सुखरूप येऊ दे, एवढेच. या मागण्याला दुसरा भाग नाही, असे मला कित्येक वर्षे वाटत असे. ट्वेनच्या म्हाताऱ्याला आजीपुढे उभे करून मी मनातल्या मनात त्याला निरुत्तरही करत असे. पण भावाच्या हातात बंदूक होती. समोरच्या खंदकातही कुणाचा तरी भाऊ होता, आणि त्याच्यासाठीही कुठेतरी मेणबत्ती जळत असणार.

मामाआजोबा सुखरूप आले. तोरण वाहिले गेले. आजी सांगायची, की एकदा ओसरीवर बसले असताना तिने त्यांना विचारले, तिकडे तू काय काय केलेस रे? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अक्का, थंडी फार होती." आजीने पुढे काही विचारले नाही.